पिवळा झेंडा आणि माझा उजवा पाय

३ मार्च
मोठी मोटार रेस आपल्या शहरात पहिल्यांदाच होतेय. वळणावळणावर झेंडे दाखवणारे मार्शल हवेत. बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय, माझ्याशिवाय आहे कोण? अर्ज भरला. टीव्हीवर दिसेन. मग लेक आपणहून म्हणेल, बाबा, मला गाडी शिकवा. गेल्या वर्षी शिकवायला घेतलं, तर पहिल्याच दिवशी भर चौकात उतरून बसने घरी गेली. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी जादा ब्रेक असतो, तो मी सारखा दाबतो म्हणे. साफ खोटं.

९ मार्च
निवड झाली! बायको म्हणाली, अर्ज केलेल्या सगळ्यांचीच झाली. हिला कौतुक म्हणून नाही.

१६ मार्च
ट्रेनिंग. पिवळा म्हणजे पुढे अपघात, हळू जा. हा झेंडा मनापासून पटला. संकल्प: रोज सकाळी गच्चीवर सराव.

१७ मार्च
खांदा धरलाय. उद्यापासून.

२८ मार्च
सराव राहिला. अनुभवी माणसाला लागत नाही. मला सातवं वळण मिळालं, सगळ्या नातेवाइकांना कळवलं. लेक रोज संध्याकाळी क्लासला जाते. कसला, विचारायला हवं.

५ एप्रिल, दुपारी १
आज नुसत्या सरावाच्या फेऱ्या. पहिलीच गाडी वळणावर आली. काय तो वेग! माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला, हात वर गेला. पिवळा. सगळे कसे शिस्तीत हळू झाले.

दुपारी २
मुख्य मार्शलांनी विचारलं, अपघात कुठाय? म्हटलं, झाला नाही, तो माझ्यामुळेच. बराच वेळ बघत राहिले. भारावले असावेत.

संध्याकाळी ६
उद्या मला गेट चारवर हलवलंय. जबाबदारीची जागा दिसते.

६ एप्रिल
गेट चार म्हणजे प्रेक्षकांचं पार्किंग. झेंडा काढून घेतला, शिट्टी दिली. रेस नुसती ऐकू येत होती. घरी कळवलं नाही.

अकराला एक पांढरी गाडी आत आली. बायको शेजारी, स्टीअरिंगवर लेक. मला सरप्राइज द्यायला आल्या होत्या. लायसन्स मागच्याच आठवड्यात मिळालं, शिकली समोरच्या गल्लीतल्या स्कूलमध्ये. तिने माझ्याकडे बघितलं, शिट्टीकडे बघितलं. फक्त एवढंच विचारलं, बाबा, कुठे लावू?

दोन गाड्यांमधली अरुंद जागा दाखवली. एका दमात रिव्हर्स घेऊन सरळ लावली. आरसा दोनदा बघितला. ते माझंच शिकवणं, एका दिवसाचं का होईना.

तिने इंजिन बंद केलं तरी माझा उजवा पाय दाबलेलाच होता. खाली नुसती माती.