मिलानहून आलेल्या पार्सलाबाबत

मी, भिमाजी केरू शेजवळ, वय सहासष्ट, धर्म बौद्ध, सेवानिवृत्त भूगोल शिक्षक, राहणार नाशिकरोड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले आहे. कोणाचे दडपण नाही. राग आहे, पण रागामुळे मृत्युपत्र रद्द होत नाही, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

माझी पत्नी चांगुणा १९७८ साली स्तनाच्या कॅन्सरने वारली. मुलगा एकच, धम्मपाल, ठाण्याला बँकेत. धाकटा भाऊ सहादू निफाडला साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. त्याच्याशी मी नऊ वर्षे बोललो नाही. गेल्या महिन्यात तो आपणहून दारात आला. त्याच्या मुलीला, लताला, वय चौदा, रक्ताचा कॅन्सर निघाला आहे आणि मुंबईच्या डॉक्टरांनी तिला चांगुणाला दिले होते तेच लाल रंगाचे इंजेक्शन लिहून दिले आहे.

एक. माझे दोन खोल्यांचे घर मी विकायला काढले आहे. व्यवहार पुरा होण्याआधी मी गेलो, तर सहादूने ते विकावे आणि सगळा पैसा लताच्या औषधाला लावावा. उरला तर तिच्या शिक्षणाला. यात धम्मपालचा हिस्सा नाही.

दोन. तिकिटांचे सहा अल्बम लताला. ही तिकिटे मी देशोदेशींच्या पत्रमित्रांशी अदलाबदल करून जमवली. चांगुणा आजारी पडली तेव्हा त्या सगळ्यांना मी एकच प्रश्न लिहिला: तुमच्या गावातल्या औषधाच्या दुकानात जाऊन या इंजेक्शनच्या एका बाटलीची किंमत विचाराल का? सगळे गेले. इटलीत साठ रुपये. जर्मनीत एकशे दहा. अमेरिकेत दोनशे ऐंशी. इंग्लंडच्या बाईंनी उलट मलाच विचारले, दवाखान्यात औषधाचे पैसे कशाला पडतात? आणि मुंबईत तीनशे चाळीस, तेही आज नाही, उद्या या. औषध तेच, बाटली तेवढीच. माझा पगार तेव्हा सातशे पंचवीस होता. तीस वर्षे मी पोरांना कुठे किती पाऊस पडतो, कुठे तांबे सापडते ते शिकवले. माणूस कुठे किती रुपयांना जगतो, हे कुठल्या पुस्तकात नव्हते. ते मी वर्गातल्या जगाच्या नकाशावर लाल शाईने लिहिले, तर हेडमास्तरांनी नकाशा खराब केला म्हणून माझ्या पगारातून बावीस रुपये कापले. तो नकाशा मी घरी आणला आहे. तो शाळेला परत द्यावा आणि त्याच भिंतीवर लावावा. पैसे भरलेले आहेत.

तीन. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले. मिलानच्या रोझेलाबाई, माझ्यासारख्याच शिक्षिका, त्यांनी न मागता चार बाटल्या पार्सलाने पाठवल्या. पोस्टातून चिठ्ठी आली: कस्टमची ड्यूटी चारशे बारा रुपये भरा आणि पार्सल सोडवा. पैसे माझ्याजवळ होते. हे मी मुद्दाम लिहितो आहे. पण माझे डोके फिरले. मरणाऱ्या बाईच्या औषधावर कसली ड्यूटी? आधी इटलीच्या पाचपट भाव आणि वर सरकारचा हात! मी अर्ज लिहिला. मग दुसरा. कलेक्टर, खासदार, मंत्री, सगळ्यांना प्रती. सहादू निफाडहून आला आणि म्हणाला, "दादा, पैसे भर अन् पार्सल घिऊन ये. वैनी तिकडं पडल्यात, तू इकडं अर्ज काय लिहीत बसला? भांडान काय, नंतर बी व्हतं." मी त्याला म्हणालो, तुझ्यासारख्या वाकणाऱ्यांमुळेच देश असा झाला. तो उठून गेला. आतून चांगुणा म्हणाली, "झाला का अर्ज लिहून? मग जरा पाणी द्या."

तेविसाव्या दिवशी पोस्टमन सांगत आला, "मास्तर, मुदत संपली. पार्सल परत गेलं." चांगुणा त्यानंतर पाच आठवडे जगली. चार बाटल्यांनी फरक पडला असता असे सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. पडला नसता, असेही त्यांनी सांगितले नाही.

मंत्र्यांचे उत्तर तिच्या पुण्यानुमोदनानंतर आले. अर्ज विचाराधीन होता. माझी बाजू खरी होती आणि आजही खरी आहे. त्या खरेपणाचा मला संताप येतो.

चार. धम्मपाल मला म्हणाला, "आईला एवढं औषध दिलं, ती वाचली का? मग काकांच्या पोरीसाठी घर कशाला घालवता?" बाळा, तुला फ्लॅट आहे, पगार आहे, दोन्ही मुली धडधाकट आहेत. तुला मी माझ्या सदतीस अर्जांच्या प्रती देतो. सगळ्या वाच. तुझ्या आईला एवढं औषध दिलं की नाही, ते तारखांवरून कळेल.

पाच. पार्सल परत मिळाल्यावर रोझेलाबाईंनी लिहिले होते: "औषध लागले नाही, म्हणजे तुमची पत्नी बरी झाली. आमच्या घरी सर्वांना आनंद झाला." त्या पत्राला मी नऊ वर्षे उत्तर दिले नाही. काल दिले. खरे काय ते लिहिले, आणि त्याच पत्रात लतासाठी पुन्हा औषध मागितले. मागताना लाज वाटली, पण मागितले.

बाई पाठवतील. सहादू, चिठ्ठी येईल त्या दिवशी, त्याच तासाला, जी रक्कम लिहिली असेल ती भर आणि पार्सल सोडव. मी तेव्हा जिवंत असलो आणि अर्ज लिहायला बसलो, तर मला घरात कोंड, बाहेरून कुलूप लाव आणि पोस्टात जा. वकील म्हणतात, माणूस जिवंत असताना मृत्युपत्र लागू होत नाही. हे एक कलम आजपासून लागू आहे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला, काही खोडले नाही, आणि दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

(सही) भिमाजी केरू शेजवळ

साक्षीदार:
१. (सही) नाथा मल्हारी पगारे, फिटर, वीज केंद्र, एकलहरे
२. (सही) अक्काबाई मंगळू दोंदे, शिक्षिका, नाशिकरोड

ठिकाण: नाशिकरोड
तारीख: १४ सप्टेंबर १९८७