ओटीसाठी थांबवलेली लाँच

१ नोव्हें. १९५४, सोम.
बोर्लीहून आलं: शाईच्या वड्या २, एक आणा. शर्टाची बटणं ६, दीड आणा. सुंठ, दोन आणे (सासूबाईंचा खोकला). बटणं यांच्या मुलाखतीसाठी. परवा श्रीवर्धनला, शाळेत कारकुनाची जागा.
सराव घेतला. मी पाटावर साहेब होऊन बसले. आधीची नोकरी का सुटली? हे कान खाजवत म्हणाले, हवा मानवली नाही. जन्म याच हवेत गेला! सासूबाई हसता हसता खोकल्या.

३ नोव्हें.
श्रीवर्धनची गेली. यांनी हवाच सांगितली. डॉक्टरचा दाखला आणा म्हणाले. हे नमस्कार करून उठून आले. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, म्हणजे मनाला लावून घेतलेलं नाही.

८ नोव्हें., सोम. उपास.
पूजेत चित्त नाही. खरं ते इथे तरी लिहावं. गेल्या माघात हे खाडीवर लाँच कंपनीच्या तिकीटखिडकीत. शेजारची शांती लग्नानंतर मुंबईला निघाली. लाँचवर चढली आणि तिच्या आईला आठवलं, देवीपुढे ओटी भरायची राहिली. मीच खिडकीशी जाऊन म्हटलं, पाच मिनिटं थांबवा, नारळ आणते. यांनी थांबवली. पाचाची पस्तीस झाली. ओहोटी लागली, लाँच गाळात रुतली ती पुढच्या भरतीपर्यंत. आत कंपनीचे मॅनेजर, मुंबईला कोर्टाच्या तारखेला निघालेले. दुसऱ्या दिवशी यांना काढलं. माझं नाव यांनी आजवर कुणापुढे घेतलेलं नाही.

१२ नोव्हें.
अलिबागच्या सोसायटीचं बोलावणं, रोखपालाच्या जागेसाठी, १६ ला. म्हटलं, या वेळी खरं सांगा, माझ्या नावासकट.
"बायकोच्या सांगण्यावरून लाँच थांबवली म्हटलं तर माझ्या हाती तिजोरी कोण देईल?"
सासूबाई चुलीपासून, "तिच्या हाती देतील की. मॅट्रिक हाय ती."

१७ नोव्हें.
हे खुशीत आले. सगळं खरं सांगितलं (माझं नाव सोडून. का म्हणून मी विचारलं तर विषय बदलला). चेअरमन म्हणाले, पुन्हा नवरी आली तर? यांनी सांगितलं, "आधी ओटी भरली का विचारीन, मग तिकीट फाडीन." सगळे हसले. जागा जवळजवळ यांचीच. पण पैशाचा घोटाळा नव्हता असं जुन्या मॅनेजरांचं पत्र हवं. हे म्हणाले, त्यांच्या दारात मी जाणार नाही. मग जेवणात लक्ष नव्हतं.

१८ नोव्हें.
हे वाडीत गेल्यावर मॅनेजरसाहेबांना पत्र लिहिलं, यांना न विचारता. सा. न. वि. वि. लाँच थांबवायला सांगणारी मी. आमच्या मालकांचा हिशेब कधी चुकला नाही, एवढं सोसायटीला लिहून द्यावं. रागाचं काय ते मला लिहावं. खाली माझं पूर्ण नाव.
सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "त्यांच्या कोर्टाचं काय झालं तेबी इचार." विचारलं. शेवटी घातलं: सोसायटी महिनाअखेरपर्यंत जागा राखणार आहे, तरी होय-नाही उलट टपाली कळवावे.