पिचरची बॅटिंग : एक

३ ऑक्टोबर, शुक्रवार
आठपैकी एक! माझ्या पिचरच्या कार्डावर बॅटिंगचा आकडा — एक, सगळ्यात खालचा. लेकाने, गिरीशने ह्यूस्टनहून आणलेला हा बेसबॉलचा डबा. कार्डं आणि फासे, बस. इतर खेळाडूंच्या बॅटिंगचा तपशील अख्ख्या कार्डभर. चेंडू टाकणाऱ्या पिचरला मात्र एकच आकडा, की संपलं. मागे बारीक अक्षरात लिहिलंय — वर्षभरात नऊदा बॅट हातात मिळाली, तीनदा फटका बसला. तरी एक!
नात म्हणते, "आजी, नऊ इज नथिंग! ज्यांना चान्स कमी, त्या सगळ्यांना एक. रूल आहे."
कसला रूल? आळस!

५ ऑक्टोबर
हरले. आठव्या इनिंगला पिचरची पाळी आली की गार्गी त्याला काढून बदली बॅटर उतरवते. एकदा बाहेर गेलेला परत येत नाही. मी काढत नाही.
"यू आर सो स्टबर्न, आजी!"
आहेच.

९ ऑक्टोबर
गिरीश चहाचा कप नुसता फिरवत बसला होता. मग — "आई, दोन महिने भारतात, नाशिकला जाऊन येतेस?"
सुनेची, मधुराची आई येणार. कमलिनीबाई. गार्गीची दहावी, गणित कच्चं, आणि बाईंनी म्हणे क्लास चालवलेत. जास्तीची खोली एकच, माझी.
परतीचं तिकीट? "बघू ना. इन्शाल्ला."
इथे आखातात सगळ्यांच्या तोंडी हेच. नळ दुरुस्त करणाराही इन्शाल्लाच म्हणाला होता. अजून गळतोय.
हे सगळं सूनबाईंचं!

१० ऑक्टोबर
मला गणित येत नाही हे ठरवलं कोणी? गार्गीने दोनदाच विचारलं — दोन्हीदा मार्चमध्ये, मी तापाने फणफणलेली. दोन्ही गणितं चुकली. कॉन्व्हेंटात मी गणितात पहिली यायचे. आता सांगून काय होणार? तिकीट निघालंय.
मधुराशी बोलणं बंद. तरी माझी बीपीची गोळी पाण्यासकट ठेवून गेली. ढोंग!

१४ ऑक्टोबर
शेवटी गिरीशला म्हटलंच, "जाते म्हणावं. होऊ दे तुझ्या बायकोच्या मनासारखं."
तो म्हणाला, "मधुरा? ती तर नको म्हणत होती, आई. गणितासाठी त्या आजीला बोलवा, असं गार्गीनेच मागितलं."

१५ ऑक्टोबर
आठवी इनिंग. माझ्या पिचरची पाळी. गार्गी हसत थांबली, मी भांडणार म्हणून.
कार्ड उचललं, डब्यात ठेवलं. बदली उतरवला.