सतराव्या पापुद्र्याबद्दल

मी, यामिनी श्यामकांत वझे, वय एकोणतीस, राहणार गार्डन रीच, कोलकाता, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला न जुमानता लिहीत आहे. दबाव आला होता. त्याचा उल्लेख कलम चारमध्ये आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणतात. मी तरीही करते.

१. घर आईच्या, वृंदा वझे यांच्या, नावावर आहे. त्याबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही. बँकेत माझे जे असेल ते आईला मिळावे.

२. याच दुखण्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. आईने घरीच शिकवले. आमच्याकडे खोडरबर नव्हते. चुकलेल्या गणितावर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, हा तिचा नियम. त्या वेळच्या वह्या तिलाच परत.

३. माझे चिमटे आणि चिकटपट्टीची रिळे भाऊ मिहीरला. खिदिरपूरला कस्टममध्ये बसून तो मला ‘सेलोटेपवाली शास्त्रज्ञ’ म्हणतो. मिहीर, मोलिब्डेनम डायसल्फाइडचा खडा पट्टीवर दाबून पुन्हा पुन्हा सोलला, की कधीतरी तीन अणूंच्या जाडीचा एकच थर हाती लागतो. एकदा करून बघ, मग हस.

४. माझ्या सात प्रयोगवह्या संस्थेच्या मालकीच्या आहेत. सोमवारी त्या ग्रंथालयात जमा करून पोच घेईन. छायाप्रती मिहीरकडे राहतील. कोणालाही बसून बघू द्याव्यात, नेऊ देऊ नयेत.

चौथ्या वहीत, असेच पट्टीने सोलून काढलेल्या सतराव्या पापुद्र्याची नोंद आहे. त्यावर मी प्रकाश टिपणारे उपकरण बनवले. आमच्या शोधनिबंधातला सर्वांत चांगला आकडा त्याचाच. निबंध छापून आल्यावर मी जुनी छायाचित्रे पुन्हा पाहिली. मी तपासलेला कोपरा एकपदरी होता, पण विजेची जोडणी शेजारच्या दुपदरी भागावर बसली होती. चूक माझी. मार्गदर्शक डॉ. श्रीकांत बर्वे यांना त्याच दिवशी सांगितले.

“एका थराने काय आभाळ कोसळतं?”

“निबंध एका थरावरच आहे, सर.”

“आणि तुझा प्रबंध माझ्या टेबलावर आहे. सही व्हायचीय अजून.”

रविवारी ते घरी आले. “वहिनी, पोरीला समजवा. ऑपरेशनच्या तोंडावर डोक्याला ताप कशाला? ती वही माझ्याकडे द्या, मी सांभाळतो.”

आई म्हणाली, “चहा घ्या, भावजी. वही मिळणार नाही.”

५. मैत्रीण पूजा साक्षीदार असल्याने तिला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून निळी शाल आजच तिच्या हातात दिली.

६. माझे बरेवाईट झाल्यास, चूक कबूल करणारे माझे पत्र मिहीरने नियतकालिकाच्या संपादकांना पाठवावे.

कलम सहा रद्द. ते लिहून झाल्यावर कळले, की माझी चूक मी भावाच्या गळ्यात बांधते आहे, आणि तीही मी मेले तरच. पत्र आज सकाळी अकरा वीसला मीच पाठवले. प्रत सरांना. कलमावर एकच रेघ मारली आहे. खालचे वाचता येते. रेघेशेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

त्यानंतर सरांचे तीन फोन येऊन गेले. शुद्धीवर आले की बोलू, असे त्यांना कळवले आहे.

सही: यामिनी श्यामकांत वझे

आमच्या समक्ष सही केली:
१. पूजा उदय राजवाडे
२. रमेश गोविंद साठ्ये, शेजारी

कोलकाता, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५