शिवेवरचा दहीभात

मोनाहन, आयर्लंड
९ फेब्रुवारी २०२१

आई, तुला आणि बाबांना नमस्कार. मी बरी आहे, लस मिळाली.

युरोपियन युनियनला शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा बाबा हसले होते, "मेडल घालणार कुणाच्या गळ्यात?" त्यांना सांग, ते कशासाठी दिलं ते इथे दिसतं. हॉस्पिटलला जाताना मी रोज सीमा ओलांडून ब्रिटनच्या हद्दीत जाते. पूर्वी तिथे सैनिकांची चौकी होती, आता नुसत्या गाई चरतात. पण ब्रिटन युनियनमधून बाहेर पडलं, आणि शेजारच्या नुआलाबाई म्हणतात, चौकीवरचे परत आलेत. एवढंच म्हणतात आणि दार लावून घेतात.

फोनवर हे ऐकून तू म्हणालीस, म्हणून शिवेवर दहीभात ठेवला. पान कुठलं मिळायला! तुझं नाव कोरलेली स्टीलची डबीच ठेवली. मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबी माझ्या दारात, लख्ख घासलेली. तुझं नाव देवनागरीत आहे गं, इथे ते वाचणार कोण?

काळजी करू नकोस. बाबांचा खोकला कसा आहे?

आणि एक विचारायचंय. आपण कुणाचा डबा रिकामा परत करत नाही, तशी हीसुद्धा रिकामी नव्हती. आत सैनिकाच्या कोटाचं पितळी बटण होतं, अजून उबदार. म्हणजे आता पाळी माझी ना?

तुझी,
स्वरांगी