बस कशाला, मी आहे ना

१० नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून प्रचार सुरू. सकाळी मोमोसेसाहेबांच्या प्रचार कचेरीत पोचले तर तांदूळही धुतलेला नाही! बायका हीटरभोवती गप्पा मारत बसलेल्या. मला पाहून उठल्या. ‘आल्या हेडबाई,’ कुणीतरी पुटपुटलं. पुटपुटू दे. साहेबांची गाडी निघाली तेव्हा भाताचे गोळे बांधून तयार होते.

यंदा प्रकरण सोपं नाही. इतकी वर्षं आमचा पक्ष इथे झोपेत निवडून येत होता. आता पेपरवाले म्हणतात, टोकियोत सरकारचं बहुमतच जाईल. साहेबांचे सेक्रेटरी नागात्सुका सकाळी म्हणाले, “बहुमत काठावर आहे, आणि तो काठ म्हणजे आपला मतदारसंघ.” एकेक मत ओढून आणायचं आहे.

समोर कान्बारा नावाची बाई. शेजारच्या शहरातली, चाळिशीची, आधी नर्स होती. भाषणात एकच गोष्ट — बंद पडलेली बस परत आणू. आमच्या वरच्या वाडीची बस तीन वर्षांपूर्वी बंद झाली हे खरं. पण चार म्हाताऱ्यांसाठी रिकामी बस डोंगरावर कोण चालवणार? मी स्वयंपाकघरात सगळ्यांना ऐकवलं, “बस कशाला? मी आहे ना.” सगळ्या हसल्या.

आहेच मी. हिसानोमावशींना दर शुक्रवारी गुडघ्यांसाठी दवाखान्यात नेते. कियोएला महिन्यातून एकदा डोळ्यांच्या इस्पितळात. आणखी दोघीतिघी. पेट्रोलचा एक येन कधी घेतला नाही.

११ नोव्हेंबर

थंडी. प्रचारगाडीतून साहेबांचं नाव पुकारणाऱ्या पोरीचा घसा पहिल्याच दिवशी बसला. आल्याचा काढा दिला. ओरड कमी, नाव स्पष्ट घे, असं सांगितलं. गाडीतून हात हलवताना घालायचे पांढरे हातमोजेही मळके होते, ते बदलायला लावले.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज काही लिहायचं नाही.

१४ नोव्हेंबर, शनिवार

लिहायलाच हवं. नाहीतर डोक्यात फिरतच राहील.

काल हिसानोमावशींचा दवाखाना झाला. येताना गाडी नगरपालिकेकडे वळवली. तिथे मतदानाच्या दिवसाआधीही मत देता येतं. प्रत्येक निवडणुकीत मी हेच करते — दवाखाना, मग मतदान, मग घर. एका फेरीत दोन कामं. वाटेत त्यांच्याकडून नाव घोकून घेतलं, पाढे घोकून घेतात तसं. मोमोसे. मोमोसे. मावशी अठ्ठ्याऐंशीच्या. शहाण्या मुलीसारख्या म्हणत होत्या.

मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव हाताने लिहायचं असतं, पण त्यांचा हात आता फार थरथरतो, पेन्सिल धरवत नाही. अशा वेळी मतदाराच्या वतीने तिथला कर्मचारी नाव लिहितो, आणि तो नीट लिहितोय की नाही हे दुसरा बघतो. तिसऱ्या माणसाला जवळ जाता येत नाही. मी दाराजवळच्या बाकावर बसले.

मावशींना कमी ऐकू येतं. त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो हे त्यांना कळत नाही. कर्मचाऱ्याने वाकून, हळूच, कुणाचं नाव लिहू म्हणून विचारलं.

“तात्सुकोबाई सांगतील त्यांचं,” मावशी म्हणाल्या. माझं नाव अख्ख्या खोलीला ऐकू गेलं.

तो कर्मचारी पोरगा गोंधळला. दुसरी कर्मचारी, वयाने मोठी, त्यांच्या कानाशी गेली. “आजी, तसं चालत नाही. तुमच्या मनातलं नाव सांगा.”

“माझ्या मनातलं सांगितलं तर शुक्रवारी मला दवाखान्यात कोण नेणार?”

तक्रारीच्या सुरात नाही हं. रागानेही नाही. उद्या पाऊस आला तर वाळत घातलेले कपडे आत कोण घेणार, असं विचारावं तसं.

मतपेटीशी साक्षीदार म्हणून ओदाजिमा गुरुजी बसले होते. सगळ्या गावाला ठाऊक आहे की ते कान्बाराबाईंच्या बाजूचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी बघितलं असतं उलट, नजरेला नजर देऊन. पण ते खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. माझी अब्रू झाकत होते!

त्या वयस्क कर्मचारी बाईंनी मग उमेदवारांच्या नावांचा कागद पुढे धरला आणि बोट ठेवा म्हणाल्या. मावशींनी ठेवलं. कुणावर, मला दिसलं नाही. बघण्याची हिंमतही नव्हती.

गाडीत बसल्यावर मावशींनी पिशवीतून सुकवलेलं पर्सिमनचं फळ काढून माझ्या मांडीवर ठेवलं. “झालं बाई. तुम्ही सांगितलं तसंच केलं.”

मी ते खाल्लं. काय करणार? डोंगर चढेपर्यंत चघळत होते.

१५ नोव्हेंबर

नागात्सुकांच्या कानावर गेलंच. नगरपालिका ती केवढी. हसत म्हणाले, “म्हणजे वरच्या वाडीत तुमचा दबदबा आहे तर. आम्हाला आणखी काय हवं!” आणि सूप प्यायला लागले.

कुणी शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

तीन वर्षांत मावशींनी कधी दवाखान्याची वेळ चुकवली नाही. मी पोचायच्या आधी बूट घालून पायरीवर बसलेल्या असतात. थंडीतसुद्धा. मला वाटायचं, किती शिस्तीच्या! इतरांना त्यांचं उदाहरण द्यायचे.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

माफी मागायला गेले. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. विद्यापीठात वादविवादाची ढाल मिळवलेली मी — दोन वाक्यं काही जड नव्हती.

मावशींनी दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत उंबरठ्यावर हात टेकून वाकल्या. त्यांचे गुडघे! त्या गुडघ्यांसाठीच तर आम्ही दवाखान्यात जातो. “त्या दिवशी माझं काहीतरी चुकलं. गाडीत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. म्हातारीचं मनावर घेऊ नका. शुक्रवारी याल ना?”

मी त्यांना उठवलं. “येईन,” म्हणाले. तुटकपणे, नेहमीसारखं. त्यांनी पुढे केलेली मुळ्याच्या लोणच्याची बरणी हातात घेतली आणि निघून आले. जुळवलेली वाक्यं तशीच परत आणली.

बरणी ओट्यावर आहे. झाकण उघडवत नाही.

१८ नोव्हेंबर

कान्बाराबाईंची गाडी वाडीपर्यंत वर आली होती. कधी कुणाचीच येत नाही. बाई खाली उतरून बंद पडलेल्या बसथांब्यापाशी उभी राहिली. ऐकायला पाचसहा माणसं. मी पडद्याआडून बघत होते. सगळ्या माझ्याच म्हाताऱ्या! माझ्या घराकडे वळूनवळून बघत होत्या, पडदा हलतोय का म्हणून. मी हलवला नाही.

खिडकीपासून दूर झाले तेव्हा लक्षात आलं — मी स्वतःच्या घरात चवड्यांवर चालत होते.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखान्यात बोलले शेवटी. मावशींना ऐकू जावं म्हणून मोठ्यानेच बोलावं लागलं. बाकावरचे सगळे ऐकत होते. ऐकोत.

“मावशी, तुम्ही कुणालाही मत द्या. मोमोसेंना द्या, कान्बारांना द्या, देऊच नका. मी शुक्रवारी येणारच.”

मावशींनी माझ्या हातावर थोपटलं. “हो, हो. तसंच म्हणायचं असतं.”

परतताना गाडी सरळ घरी आणली. नगरपालिकेच्या वळणावर मावशी सवयीने बाहेर बघायला लागल्या.

२२ नोव्हेंबर, रविवार

मतदान केलं. लाकडी आडोशामागे उभी राहिले. पेन्सिल बोथट होती. आजवर मी कधी त्या आडोशामागे थांबले नव्हते, नाव लिहून लगेच बाहेर. आज मागे रांग लागली.

काय लिहिलं ते इथेही लिहिणार नाही. निदान एकीचं मत तरी गुपित राहू दे.

२३ नोव्हेंबर, सोमवार

साहेब निवडून आले. निसटते. पहाटेपर्यंत कान्बाराबाई पुढे होत्या, मग डोंगराकडच्या पेट्या मोजल्या गेल्या आणि पारडं फिरलं. डोंगराकडच्या — म्हणजे आमच्या.

देशात मात्र पक्षाचं बहुमत गेलं. आता लहानसहान पक्षांच्या दारात उभं राहायचं. टीव्हीवर मंत्रिसाहेबांचे चेहरे उतरलेले. तेवढ्यात आमची जागा टिकली म्हणून इथे जल्लोष. नवस बोलताना एकच डोळा रंगवून ठेवलेल्या लाल दारुमा बाहुल्याचा उरलेला डोळा साहेबांनी काळ्या शाईने भरला. सगळ्यांनी हात वर करून तीनदा जयजयकार केला.

मग नागात्सुकांनी मला पुढे ओढलं. “यंदा वरच्या वाडीने तारलं. म्हणजे तात्सुकोबाईंच्या गाडीने तारलं!” टाळ्या. साहेब माझ्यापुढे कंबरेत वाकले. मीही वाकले. वाकल्यावर निदान चेहरा दिसत नाही.

सरळ होताना एकदम बोलून गेले, “साहेब, आमची बस परत आणा.” नागात्सुका हसले. “बस कशाला? तुम्ही आहात ना!”

सगळे हसले. स्वयंपाकघरातल्या बायकासुद्धा. त्या दिवशी हसल्या होत्या अगदी तशाच.

२४ नोव्हेंबर

कचेरी आवरली. लोणच्याची बरणी उघडली. चांगलं मुरलं आहे. दोन फोडी खाल्ल्या आणि पुढे खाववेना.

मनाशी म्हटलं, हिसानोमावशी फार म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांच्या डोक्यात काहीतरी भलतंच बसलं. बाकीच्या तशा नाहीत. बाकीच्यांना मी कशी आहे ते माहीत आहे.

२५ नोव्हेंबर, बुधवार

कियोएचा डोळ्यांच्या इस्पितळाचा दिवस. मी पोचले तर बूट घालून पायरीवर बसलेली. गाडीत शिरली, दार ओढलं, पट्टा लावला. मी निवडणुकीचं अक्षरही काढलं नव्हतं.

“तात्सुकोबाई, मी नाव नीट लिहिलं हं,” कियोए म्हणाली. “पुढच्या महिन्यातही नेणार ना?”