चौथी पेंढी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आदरणीय फान सर,

वेन-रुईचा नमस्कार. मंगळवारी आमच्या सराव-मैदानावरून निघालात, ते तैनानला सुखरूप पोचला असाल. काकूंच्या गुडघ्याला उतार आहे का? इकडे थंडी पडू लागली आहे. तुम्ही आणलेल्या अननसाच्या वड्या कुणी खाल्ल्या नाहीत. ड्यूटीवर अननस खाल्ला की आग लागते, ही अग्निशमन दलातली समजूत आम्हाला तुम्हीच शिकवलीत आणि तुम्हीच पेटीभर घेऊन आलात! माझ्यासोबत शिकवणारा च्यू म्हणालाच होता, "सर, स्वतः निवृत्त झालात म्हणून आम्हाला कामाला लावता होय?" तेव्हा आपण तिघंही हसलो.

शिन-यूला काल इस्पितळात भेटलो. दोन्ही कान आणि मान भाजली आहे. कोर्समधली तिची जळत्या खोलीची मंगळवारची ती शेवटची फेरी होती. मला बघून म्हणाली, "सर, माझंच काहीतरी चुकलं असेल ना?" मी म्हणालो, "आधी बरी हो." हे काही उत्तर नव्हे.

सोमवारी चौकशी समितीला माझा जबाब हवा आहे. च्यूने मसुदा लिहून ठेवलाय: "प्रशिक्षणार्थीने कान-मान झाकणारी आगरोधक टोपी नीट ओढली नव्हती." मी सही केली की तिला काढून टाकतील. पण आत जाण्यापूर्वी तिची टोपी मीच तपासली होती, कडेला बोट फिरवून.

सर, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बुधवारी खोलीतली राख मी काढली. खोली पेटवायच्या आपल्या गवताच्या पेंढ्या तारेने बांधलेल्या. गवत जळतं, तार उरते. नियमाने पेंढ्या तीन. राखेत तारेची कडी निघाली चार.

पहिला संशय च्यूवर. पेंढ्या त्यानेच रचल्या होत्या. आडून विचारलं तर म्हणाला, "मोजता तुला येत नाही की मला?" त्याचं हसणं मला खोटं वाटलं. दिवसभर त्याच्या हातांकडे बघत राहिलो. मग आठवलं, आग अचानक छतापर्यंत उसळली तेव्हा च्यू माझ्या शेजारी, आतच होता. त्याच्या जरा आधी मागचं दार वाजलं होतं. मागच्या दाराशी चहाचा पेला घेऊन तुम्ही उभे होतात.

निरोप देताना तुमच्या बाहीवरची गवताची काडी मी झटकली, आठवतं? मैदानात काडी कुणालाही चिकटते. तीन दिवस मी स्वतःला हेच सांगतोय.

"तीन पेंढ्यांत आग कळते, भीती कळत नाही." हे वाक्य तुमचंच.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या तुकडीतल्या को-मिंगचे हात भाजले, तेव्हाही राख मीच काढली होती. चार तारा घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, "तारा काय मोजतोस? झाडू मार." मी झाडू मारला. नंतर "हातमोजे सैल होते" या कागदावर साक्षीदार म्हणून सहीही केली. हातमोजे सैल नव्हते. को-मिंग आता बहिणीच्या नूडलच्या दुकानात बसतो. मागे एकदा तिकडे गेलो होतो. चॉपस्टिक धरता येत नाहीत, म्हणून तो मुठीत चमचा धरून खात होता. मी रस्त्यावरूनच परत फिरलो.

तेव्हा तुमच्या भीतीने सही केली की नोकरीच्या लोभाने, हे मला आजही सांगता येत नाही.

सोमवारी मी जबाबात चार तारा लिहिणार आहे. आणि बावीस वर्षांपूर्वीच्या चारही. या वेळी चौथी पेंढी कुणी टाकली ते मी पाहिलेलं नाही, म्हणून नाव लिहिणार नाही. समिती दहाला बसते. तुम्हाला स्वतः काही सांगायचं असेल, तर तैनानहून पहाटेची गाडी आहे.

पाकिटात तारेचं एक गंजलेलं कडं ठेवलंय. ते मंगळवारचं नाही, सर. मंगळवारची चारही समितीकडे जातील. हे बावीस वर्षं माझ्या रोजनिशीत होतं.

तुम्हीच घडवलेला,
वेन-रुई